पट्ट्याचं लॉक

गिटार जमिनीवर आपटली नाही, कारण जयदेवनं गुडघा मध्ये घातला. लाकूड गुडघ्याच्या वाटीवर बसलं, सगळ्या तारा एकदम कण्हल्या, आणि जयदेव एका पायावर लंगडत भिंतीला जाऊन टेकला. पट्ट्याचं एक टोक गिटारच्या बटणातून निसटून खाली लोंबत होतं.

"लागलं का रे?" शरदचंद्रनं विचारलं.

"गुडघ्याला. थोडं."

"गुडघा नाही रे. गिटारला लागलं का विचारतोय."

उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात एका शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा 'नादमोहिनी'ची प्रॅक्टिस चालली होती. शरदचंद्र ऑर्केस्ट्राचा मालक. स्वतः कुठलं वाद्य वाजवत नसे, गातही नसे. मालकाला त्याची गरज नसते. त्याच्या घरी केबल आली होती आणि केबलवर त्यानं कुणी तरी गोरा पाहिला होता, जो गिटार गळ्याभोवती गोल फिरवायचा. पाठीमागून जायची, काखेखालून यायची, पुन्हा हातात. तेव्हापासून शरदचंद्रच्या डोक्यात ते चक्र फिरत होतं आणि आता ते जयदेवच्या गळ्याभोवती फिरवायचं होतं.

"मी गिटारवाला आहे, शरदभाऊ. हा गिटारचा पट्टा आहे, गोफण नाय," जयदेव म्हणाला.

"गिटार ऐकायला कोण येतं सांग मला? लोक बघायला येतात. ऐकायला श्रीपादची पेटी आहे."

पेटी म्हणजे श्रीपादनं घेतलेला नवा कीबोर्ड. श्रीपाद कुळगावचा, दिवसा ऑफिसात नोकरी, संध्याकाळी नादमोहिनीत. त्या कीबोर्डात फ्लॉपी घातली की ड्रम वाजायचे, बेस वाजायचा, दहा-दहा व्हायोलिनं वाजायची. ती पेटी आल्यावर आधी बेसवाला गेला. मग बोंगोवाला गेला. त्यांना कुणी जा म्हणालं नाही. पुढच्या कार्यक्रमाचा निरोपच गेला नाही. आपल्याकडे माणूस असाच काढतात, तोंडावर दार आपटत नाहीत, दार उघडायचं विसरतात.

जयदेव राहिला होता, कारण गळ्यात गिटार घातलेला माणूस स्टेजवर शोभतो. गाण्यांमधली गिटार केव्हाच फ्लॉपीत गेली होती. त्या वेळी जयदेव हलक्या हातानं वरवर तारा छेडत उभा राहायचा. फक्त एक गोष्ट त्याची उरली होती. कार्यक्रम सुरू होताना वाजणाऱ्या टायटल म्युझिकमध्ये मधोमध गिटारचा एक पीस होता. तो त्यानं स्वतः बसवला होता, लग्नाआधी, अंबरनाथला बुवापाड्याच्या खोलीत एका उन्हाळ्यात. त्यात एके ठिकाणी तो तार ओढून धरायचा आणि तालाच्या जरा मागे सोडायचा. श्रीपाद चेष्टा करायचा, "गाडी सुटली तरी हा प्लॅटफॉर्मवर." पण ऐकणाऱ्याच्या छातीत नेमकं त्याच जागी काही तरी हलायचं. जयदेवला ते माहीत होतं. माणसाला स्वतःबद्दल एखादी तरी गोष्ट पक्की माहीत असते.

"फिरवतो," तो गुडघा चोळत म्हणाला. "पण टायटलचा पीस माझा. तिथं फ्लॉपी नाय चालणार."

शरदचंद्रनं श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद कीबोर्डाची वायर गुंडाळायला लागला.

"वाजव की बाबा. तुला नको कोण म्हणतंय? दोन वेळा फिरव, मग तुझा पीस वाजव. पालेगावला हळद आहे, तिथंच करू. पण त्या पट्ट्याचं आधी काही तरी बघ. गिटार उडून नवरीच्या काकाच्या टाळक्यात बसली तर मी तुला ओळखत नाही."

*

जयदेव ज्या रंगाच्या कंपनीत होता तिला गेल्या वर्षी टाळं लागलं होतं. तेव्हापासून घर मालिनीच्या कैचीवर आणि या गिटारवर चालायचं. मालिनी त्याची बायको. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून गठ्ठे आणायची आणि शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कापून द्यायची. घरभर निळं. चहात निळा धागा, लेकीच्या वेणीत निळा धागा.

"रिबीट मारून देऊ का?" तिनं पट्ट्याचं भोक बोटानं ताणून बघत विचारलं. "खिशाच्या कोपऱ्याला मारतात तसं. फाटणार नाय."

"फाटायचं नाय गं त्याचं. भोक बटणावरनं सरकतं. सरळ उभं राहिलं तर काय होत नाय. फिरवली की पट्टा पलटतो, आणि मग सुटतो."

"मग बटण मोठं करा."

"मोठं केलं तर पट्टा आत कसा जाणार?"

मालिनीनं कैची खाली ठेवली. "म्हणजे आत जाताना जायला पायजे आणि नंतर यायला नको. सासरच आहे की मग."

जयदेव हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून तिनं उगाच आणखी एक धागा कापला आणि म्हणाली, "उद्या गठ्ठा द्यायला जायचंय मला. तुम्ही पण चला. त्या वाद्यवाल्या टेकचंदकडे काही तरी असेल."

पट्टा तिनं त्याच रात्री नवा केला. जुना चामड्याचा होता आणि हळदीच्या कार्यक्रमांत तेल पिऊन पिऊन लोण्यासारखा झाला होता. आगऱ्यांच्या हळदीत वाजवणाऱ्याला सोडत नाहीत. नवऱ्याच्या अंगाला लागली की ती हळद स्टेजवर येते, गालाला, शर्टाला, तारांना, पट्ट्याला. मालिनीनं जीन्सची कमरेची पट्टी दुहेरी घेतली आणि तिच्यावर चार उभ्या शिवणी घातल्या.

*

टेकचंदचं दुकान म्हणजे सहा फुटांची फट. वर हार्मोनियम, खाली बँजो, मध्ये टेकचंद. त्यानं काउंटरखालून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर तीन प्रकारची लॉकं स्क्रूनं बसवलेली होती, गिऱ्हाइकाला लावून-काढून बघायला.

"ये देखो साईं. असली जर्मन."

"कौनसे सेक्शन का जर्मन?" जयदेवनं विचारलं. उल्हासनगरचे भाग सेक्शनच्या नंबरानं ओळखतात, आणि बाहेरच्या मालाची नक्कल तिथं घरोघरी होते.

टेकचंद दात न दाखवता हसला. "तू कलाकार आदमी है, तेरे से क्या झूठ बोलना. ये वाला सच्ची में बाहर का है. ये दो इधर के."

बाहेरचं लॉक देखणं होतं. गोल, चकचकीत, पट्ट्याच्या टोकाला बसायचं आणि गिटारवरच्या खोबणीत 'टक्' करून आत जायचं. मध्ये एक बारकी कळ होती. ती दाबली की लॉक बाहेर. जयदेवनं लावलं, काढलं, लावलं. हातात वजन जाणवावं असं काम होतं. मालिनी फळीवर वाकून बघत होती. तिच्या कोपराचा धक्का लागला, कळ दाबली गेली आणि पट्टा अलगद खाली आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फिरवताना माझा हात हितनंच जाणार," जयदेव म्हणाला.

"तो मत ले," टेकचंदनं स्वतःच फळी वळवली. "ये प्लास्टिक का है. बच्चा लोग लेता है."

प्लास्टिकचं बटणावर बसवून फिरवायचं होतं. जयदेवनं फिरवलं आणि ओढलं, तर त्याचा कान तुटून टेकचंदच्या मांडीवर पडला. टेकचंदनं तो शांतपणे खिशात टाकला.

तिसरं पितळेचं होतं, वर निकलचा मुलामा, इथल्याच कुठल्या तरी लेथवर उतरवलेलं. दिसायला ओबडधोबड. घोड्याच्या नालासारखा भाग बटणावर वरून बसायचा आणि एक खिळी आत शिरायची. काढायचं तर खिळी चिमटीत धरून बाहेर ओढावी लागे. चुकून निघण्यासारखं काही नव्हतं. जयदेवनं फळी जमिनीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला आणि पट्टा दोन्ही हातांनी वर ओढायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या. रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

"अरे, दुकान उखाडेगा क्या?"

लॉक हललं नाही. फळीतला स्क्रू मात्र सूतभर वर आला.

"लाकूड सोडेल, पण हे नाय सोडणार," मालिनी म्हणाली.

ते खरं होतं, आणि जयदेवच्या ध्यानात आधीच आलं होतं. गिटार कलकत्त्याची, लाकूड मऊ, बटणांची भोकं वाजवून वाजवून सैल झालेली. घरी आल्यावर त्यानं जुने स्क्रू काढले, भोकांत फेविकॉल सोडलं आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून ठोकून बसवल्या. काडेपेट्यांचा कारखानाच गावात, काड्यांची अंबरनाथच्या माणसाला कधी टंचाई पडली नाही. वाळल्यावर नवा स्क्रू पिळला, तेव्हा तो शेवटपर्यंत करकरत गेला. पट्ट्याकडचा नट ढिला पडू नये म्हणून मालिनीनं त्याच्या आट्यांवर आपलं नेलपॉलिश लावलं.

"लाल दिसतंय," तो म्हणाला.

"दिसू द्या. सुटणार तर नाय."

पालेगावच्या कार्यक्रमापर्यंत तो रोज मागच्या गल्लीत सराव करायचा. आधी हळू, मग जोरात. गिटार पाठीवरून गेली की क्षणभर ती कुठं आहे ते कळायचं नाही, आणि मग ती डाव्या काखेखालून येऊन हातात बसायची. एकदाही सुटली नाही. शेजारची बनूबाई दारात बसून बघायची. "काय रे जयदेव, ह्या वयात काय डोंबाऱ्याचा खेळ लावलाय?" तो म्हणायचा, "पोटासाठी मावशी." पण ते काही खरं नव्हतं. पोटासाठी त्यानं गिटार नुसती गळ्यात घालून उभं राहणं कबूल केलंच होतं. ही फिरवाफिरवी त्या एका पीससाठी होती.

*

पालेगावला बुधाजीच्या मुलीची हळद होती. बुधाजीनं शेत बिल्डरला दिलं होतं, आणि त्याच शेताच्या उरलेल्या तुकड्यात, भाताच्या खाचरात, स्टेज बांधलं होतं. मागं अर्ध्या उभ्या बिल्डिंगचे पिलर, त्यांच्यावर लायटिंगच्या माळा. इतर वेळी गावात हळदीला बँजो पार्टी यायची. बुधाजीनं ऑर्केस्ट्रा आणला होता. दिवेलागणीलाच खुर्च्या भरल्या. मालिनीही लेकीला घेऊन आली होती आणि बायकांत बसली होती. नवऱ्याचा कार्यक्रम बघायला ती फार येत नसे. आज आली.

टायटल म्युझिक सुरू झालं. फ्लॉपीतले ड्रम धडधडले, व्हायोलिनं आली. जयदेवच्या पाठीमागं त्याचा अँप्लिफायरचा छोटा डबा, गिटारपासून तिथपर्यंत काळी वायर. ड्रम थांबले. शरदचंद्रनं विंगेतून बोट गोल फिरवलं.

जयदेवनं गिटार भिरकावली. ती पाठीवरून गेली, काखेखालून आली, हाताला चाटून पुन्हा गेली. खुर्च्यांतून शिट्ट्या उठल्या. गिटार परत हातात आली तेव्हा पट्टा जागच्या जागी होता, दोन्ही लॉकं जागच्या जागी होती, आणि वायर मात्र त्याच्या मानेभोवती वेढा घालून निसटली होती. तिचं टोक स्टेजवर, त्याच्या बुटापाशी पडलं होतं.

पीस सुरू व्हायला अर्धा श्वास होता. वाकून वायर लावायला वेळ नव्हता. हात सवयीनं तारांवर गेला, बोटं पडली, आणि त्याला वाटलं, आता सगळं शांत होणार. हजारभर माणसांत एकदम शांत होणार आणि सगळ्यांना कळणार.

भोंग्यांतून गिटार वाजायला लागली.

त्याचाच पीस. स्वच्छ, मोठा, वर लटकलेल्या सगळ्या भोंग्यांतून. त्यानं बोटं उचलून बघितली. वाजतच होता. ती ओढलेली तार आली. ओढलेली राहिली, आणि तालाच्या जरा मागे सुटली. अगदी त्याच्यासारखी. समोर पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि मान हलवली.

जयदेवनं बोटं परत तारांवर ठेवली. काय करणार होता? पट्टा डोक्यावरून काढून गिटार खाली ठेवता आली असती. वायर उचलून लोकांना दाखवता आली असती. हे सगळं माणसाला घरी अंथरुणात सुचतं. समोर हजार माणसं होती आणि त्यांत त्याची बायको होती. त्यानं पीस शेवटपर्यंत वाजवला. एक बोट चुकू दिलं नाही.

टाळ्या पडल्या. बुधाजी दोन्ही हात हळदीनं भरून स्टेजवर चढला आणि त्यानं ते जयदेवच्या गालांवर पुसले. "भावा, लय भारी वाजवलास रं. परत येकदा फिरव ना, आमचे म्हातारीनी नाय बगितला."

त्यानं परत एकदा फिरवली.

*

मध्यंतरात श्रीपाद मांडवामागं येऊन शेजारी बसला. जेवायला वाढप्यांच्या बाकावरच बसवलं होतं. स्टेजवर कलाकार म्हणायचं आणि पंगतीला मागं बसवायचं, ही सगळीकडचीच रीत. श्रीपादनं पुरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"शरदभाऊंनी सांगितलेलं मला. तू चुकलास तर, म्हणून भरून ठेव."

"मी कधी चुकलो?"

"नाही चुकलास."

"आधीपासून होतं?"

श्रीपादनं पुरीचा तुकडा पत्रावळीत परत ठेवला.

"श्रीपाद, विचारतोय मी. आज वायर निघाली म्हणून लावलंस, का आधीपासून?"

"दिवाळीपासून," श्रीपाद म्हणाला. "मिक्सरवर तुझा आवाज बंदच असतो. तुझ्या मागचा डबा तेवढा चालू. तुला ऐकू यावं म्हणून."

म्हणजे दिवाळीपासून जे भोंगे वाजत होते आणि जे ऐकून जयदेव स्वतःवर खूश होत होता, ते तो नव्हताच. प्रॅक्टिसच्या हॉलमध्ये 'टायटलचा पीस माझा' म्हणून त्यानं सौदा केला, तेव्हा विकायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. शरदचंद्रला ते ठाऊक होतं. श्रीपादला ठाऊक होतं. मिक्सरवाल्याला ठाऊक होतं. फुकटची वस्तू द्यायला शरदचंद्रचं काय जात होतं?

"ती लांबवलेली तार पण भरलीस."

श्रीपादचा चेहरा जरा उजळला. त्याच्यात वाईटपणा नव्हता, हीच तर पंचाईत होती. "फार बसलो रे तिच्यावर. जुन्या कार्यक्रमाची तुझी कॅसेट लावून लावून. मशीन ती तालातच बसवायची, सारखी सरळ करायची. मी नाही सरळ करू दिली. म्हटलं, जयदेवची आहे, जशी आहे तशीच राहिली पाहिजे."

जयदेवनं त्याच्याकडे पाहिलं. शिवी ओठांवर आली होती. पण शिवी द्यायची कुणाला? आयुष्यात त्या तारेवर इतकी मेहनत दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

तेवढ्यात शरदचंद्र आला. खुशीत होता. "एक नंबर झालं. बुधाजीच्या व्याह्यांनी आत्ताच बदलापूरचा साखरपुडा दिला आपल्याला. आणि हे बघ जयदेव, ती वायर नकोच आता. गळ्यात अडकते, उगाच फास बसायचा. मोकळी फिरव. लॉक कुठलं लावलंस रे? मजबूत आहे."

"इथलंच आहे," जयदेव म्हणाला.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बोलण्यासारखं बेसवाल्याकडेही होतं, बोंगोवाल्याकडेही होतं. त्यांच्याकडे पुढच्या कार्यक्रमाचा निरोप गेला नव्हता. जयदेवकडे आता, इथं, तोंडी निरोप आला होता. त्यानं पत्रावळीतला भात कालवला.

परत जाताना पालेगावहून रिक्षा मिळेना, म्हणून तिघं चालतच निघाले. लेक मालिनीच्या खांद्यावर झोपली होती.

"आज काय वाजवलंत," मालिनी म्हणाली. "माझ्या बाजूला त्या बुधाजीची बहीण होती. ती म्हणते, कोण गं हा? मी म्हटलं, आमचेच आहेत. इतकं चांगलं मी पण कधी ऐकलं नव्हतं बघा."

"हं."

"मध्ये ती तार ओढता ना, तिथं काटाच आला. आणि लॉक धरून राहिलं की नाय?"

"राहिलं."

"मी म्हटलेलं," ती म्हणाली, आणि लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. जयदेवच्या गालावरची हळद वाळून ताणायला लागली होती. त्यानं ती पुसली नाही. हात वर नेला असता तर तिनं तोंडाकडे पाहिलं असतं.

*

बदलापूरचा साखरपुडा हॉलमध्ये होता. हॉल गच्च भरलेला, बाहेर जेवणाच्या टेबलांची मांडामांड, पोरं खुर्च्यांमधून पळतायत, मिक्सरवाला माइकवर हॅलो-हॅलो करतोय. शरदचंद्र नवऱ्याच्या बापाशी गप्पा मारत होता. स्टेजच्या मागं, पडद्याआड, जयदेवनं गिटार पिशवीतून काढली आणि गळ्यात घातली. अँप्लिफायरचा डबा त्यानं आणला नव्हता. वायरही आणली नव्हती.

श्रीपाद फ्लॉपी घ्यायला मागं आला आणि पडद्यापाशीच थांबला.

जयदेव भिंतीकडे तोंड करून बसला होता. विजेच्या गिटारला विजेशिवाय आवाज नसतो, असते ती नुसती कुजबुज, आणि बाहेरच्या गोंगाटात तीही पोचत नव्हती. म्हणून त्यानं मान वाकवून कान गिटारच्या लाकडाला टेकवला होता. एका हातानं तार छेडत होता, दुसऱ्या हातानं खुंटी किंचित पिळत होता. पुन्हा छेडत होता. तिसरी तार उतरली होती. ती त्यानं हळूहळू सुरात आणली, थांबला, नीट ऐकलं, आणि चौथीला हात घातला.